न हलणारी हवा

मुंबईत ऑक्टोबर महिना कुणाचाच लाडका नाही. पावसाचं कौतुक करायला माणसं असतात, जानेवारीत जरा गार वाटलं तरी घाटकोपरात लोक कानटोप्या घालून फिरतात, पण ऑक्टोबरच्या वाट्याला नुसत्या शिव्या येतात. अंगभर घाम, डोक्यावर ऊन आणि झाडाचं एक पान हलायला तयार नाही. आमच्या गाळ्यात मात्र आम्ही वर्षभर ह्याच महिन्याची वाट बघत असतो. पान हलत नाही, नेमकं तेच आम्हाला हवं असतं.

यंदाही तो आला. भट्टीला झेंडूचा हार घालून झाला, दसऱ्याची सुट्टी झाली, आणि मग एका सकाळी मुलुंडच्या डोंगराकडून येणारी हवा कोरडी झाली आहे हे मला इंडस्ट्रियल इस्टेटच्या जिन्यातच कळलं. ते ओठांना कळतं. पावसाळ्यात ओठांवरून जीभ फिरवली की खारट लागतं, ऑक्टोबरात काहीच लागत नाही. मी वर जाऊन क्षमाला म्हटलं, "चल, सुरू करू या." क्षमा आणि मी एकाच वर्षी ह्या गाळ्यात लागलो, दोघी बीएस्सी, दोघी सारख्याच चिडक्या. तिने हातातला डबा ठेवला आणि खिडक्यांच्या फटींना चिकटपट्टी लावायला घेतली. पट्टी ओढल्याचा तो चर्र आवाज ऐकला की मला एक जुनी सकाळ आठवते. अशाच एका ऑक्टोबरात मी ह्याच खोलीत मरता मरता वाचले होते.

आम्ही काय काम करतो हे सांगताना मला नेहमी घाम फुटतो. नातेवाइकांना "सिरॅमिकचं काम" म्हटलं की ते कपबश्यांचा सेट मागतात. खरं तर आम्ही नळ्यांवर थर चढवतो. हातभर लांब, बोटाएवढी जाड, खडूसारखी पांढरी आणि आतून पोकळ अशी नळी आम्हाला तयार मिळते. ती द्रावणात बुडवायची, अगदी सावकाश वर काढायची, वाळवायची आणि भट्टीत भाजायची. मग पुन्हा बुडवायची. असं करत करत तिच्या अंगावर डोळ्यांना न दिसणारी एक चाळण तयार होते. इतकी बारीक, की तिच्यातून वायूसुद्धा निवडून जातात. लहान कणांचा हायड्रोजन पलीकडे निघून जातो, थोराड नायट्रोजन अलीकडे राहतो. "तुम्ही पीठ चाळता ना, तशी आम्ही हवा चाळतो," असं मी एकदा सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग चाळणीत जे उरतं ते कुठे टाकता गं?" तो प्रश्न पुढे कित्येक दिवस माझ्या मागे लागला होता.

शेवटचा थर सगळ्यांत नाजूक. त्याचं द्रावण दमट हवेत दुधासारखं नासतं, म्हणून पावसाळाभर बाकीचे थर चढवून नळ्या रांगेत वाट बघत बसतात आणि ऑक्टोबरात त्यांचं नशीब उघडतं. पण कोरडी हवा आली की तिच्याबरोबर धूळही येते. हल्ली तर सगळीकडे खोदकाम, त्यामुळे बघायलाच नको. ओल्या थरावर धुळीचा एक कण बसला, की भट्टीत त्या जागी छिद्र पडतं, आणि मग त्या छिद्रातून सगळे वायू बिनदिक्कत ये-जा करतात. एवढ्या दिवसांची मेहनत पाण्यात. म्हणून थर चढवायची आतली खोली आम्ही पुरती बंद करतो. फटींना चिकटपट्टी, दाराला जाड चादर, पंखा बंद, एसी बंद. खोलीतली हवा जागच्या जागी थांबवायची.

आणि बोलायचं नाही. बोललं की तोंडातून वाफ जाते, थुंकीचे कण उडतात. मास्क असला तरी नाही. नळी द्रावणातून वर येत असते तेवढा वेळ तर आम्ही श्वासही रोखून धरतो. कुणी शिकवलेलं नाही हे, आपोआप होतं. घरी मी पातेल्यातून दूध ओतताना श्वास धरते, सुईत दोरा ओवताना धरते. नवरा म्हणतो, "सोड आता, नाहीतर निळी पडशील." पूर्वी मला ह्या बोलण्याचं हसू यायचं.

दोन-तीन माणसं असलेली खोली सहसा इतकी गप्प नसते. परीक्षेच्या वर्गातसुद्धा कुणी खोकतं, बाक करकरतो. आमच्या खोलीत पांढऱ्या नळ्या रांगेने टांगलेल्या, त्यांच्यामधून पांढऱ्या कोटातल्या आम्ही दोघी-तिघी फिरणार, आणि आवाज फक्त आपल्याच कानातल्या रक्ताचा. थोड्या वेळाने असं वाटायला लागतं की नळ्या ऐकताहेत. मागे कुणीतरी उभं आहे असं वाटून मी कितीदा तरी वळले आहे. क्षमाही वळते. आम्ही एकमेकींकडे मास्कवरून बघतो आणि पुन्हा कामाला लागतो. चहावाला आमच्या दारात किटली ठेवून निघून जातो, आत डोकावत नाही. "तुमच्या खोलीत कोणी मेल्यासारखं वाटतं," असं त्याने एकदा स्पष्टच सांगितलं.

ह्या मुक्या दिवसांची सुरुवात मात्र दणक्यात व्हायची. भट्टी सांभाळायला तेव्हा परबकाका होते. मूळचे मालवणकडचे, सगळा जन्म भट्ट्या आणि कॉम्प्रेसरच्या शेजारी गेलेला. पहिला ट्रे आत सारण्याआधी ते भट्टीसमोर नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचे. आम्ही सगळे मागे उभे, आमचे इंजिनियर सरसुद्धा. "बा देवा म्हाराजा," काका सुरू करायचे, "आज ह्या लेकरांनी काम हातात घेतलेला आसा, ता तडीस ने रे म्हाराजा!" आम्ही ओरडायचो, "होय म्हाराजा!" "कोणाची वाकडी नजर पडली आसात, चुकान कोणाचो पाय पडलो आसात, तर ता सांभाळून घे रे म्हाराजा!" "होय म्हाराजा!" शेजारच्या गाळ्यातली माणसं हसत दारात यायची. क्षमा तर बुद्ध वंदना करणाऱ्या घरातली, पण होय म्हाराजा म्हणताना तिचाच आवाज सगळ्यांत मोठा. "अरे, ओरडायला मिळतंय ना, घ्या ओरडून," ती म्हणायची, "नंतर आहेच तोंडाला कुलूप."

काकांना बारीक आवाज ऐकू येत नसे. कॉम्प्रेसरने कान खाल्ले, असं ते म्हणायचे. भट्टीची घरघर, ट्रकचा हॉर्न, सरांचं खर्जातलं बोलणं त्यांना नीट कळायचं. फोनची घंटी, पाखरं, लहान मुलं ह्यांचा मात्र त्यांना पत्ता लागत नसे. नातीशी बोलताना ते तिच्या ओठांकडे बघत बसायचे. आम्ही त्यांच्याशी मुद्दाम जाड आवाजात बोलायचो आणि आपापसात त्याची थट्टाही करायचो. त्यांना ती थट्टाही ऐकू जात नसे.

आता हेलियमबद्दल सांगायला हवं. तयार झालेली नळी तपासायची तर तिच्यातून हायड्रोजन सोडून बघायला हवा, पण हायड्रोजन भडकतो. म्हणून साध्या तपासणीला आम्ही हेलियम वापरतो. तोही तसाच चिमुकला, पण गरीब. जळत नाही, वास नाही, विषारी नाही. फुग्यातला वायूच तो. तो ओढून बोललं की आवाज चिरका, बालवाडीतल्या पोरासारखा होतो. हा खेळ आमच्याकडे सगळ्यांनी खेळलेला होता. कुणाचा वाढदिवस असला की त्या आवाजात गाणं व्हायचं. सर रागावायचे, आणि रागावता रागावता हसायचे.

सिलिंडर मात्र नियमाप्रमाणे बाहेर, पॅसेजमध्ये. तिथून तांब्याची नळी भिंतीतून आत यायची, आमच्या खोलीवरच्या पोटमाळ्यावरून फिरून खाली तपासणीच्या टेबलावर उतरायची. पोटमाळ्यावर कोऱ्या नळ्यांची खोकी. वरची धूळ खाली पडू नये म्हणून आम्हीच त्याला स्लॅबपासून खालपर्यंत जाड प्लास्टिकचा पडदा लावला होता. कडाही चिकटवल्या होत्या, चढायच्या बाजूची तेवढी मोकळी. सगळं किती व्यवस्थित. हवेला हलू द्यायचं नाही ह्या एका ध्यासापायी आम्ही आमच्या डोक्यावर एक मोठी पिशवी बांधून ठेवली होती, आणि तिच्यातून जाणाऱ्या नळीचा एक सांधा कधीतरी सैल झाला. हेलियम हलका, तो वरच साठतो. आम्ही घरी जाऊन जेवलो, झोपलो, सकाळी डबे भरून परत आलो, तोवर तो तिथे शांतपणे भरत होता.

त्या सकाळी, थर चढवायला सुरुवात व्हायच्या आधी, मी खोकं काढायला शिडीवरून वर गेले. पडदा सारून वाकून आत शिरले. तिथे उभं राहता येत नाही, रांगतच जावं लागतं. आत गरम होत होतं, खोकी होती, उघड्या खोक्यातून नळ्यांची गोल टोकं माझ्याकडे बघत होती. खालून क्षमाने विचारलं, "मिळालं का गं?" मी म्हणायला गेले, "कुठलं खोकं?" आणि ते माझ्या शेजारून एका लहान मुलीने विचारलं.

मी वळून बघितलं. मला भीती वाटली नाही. इथे मुलगी कशी आली, असं मनात आलं नाही. मी विचारलं, "तू कोण गं?" नेमक्या त्याच वेळी तिनेही विचारलं, "तू कोण गं?" मला हसू फुटलं, तीही हसली. हेलियमचा आवाज मला माहीत नव्हता थोडाच? पण ओळखायला जे डोकं लागतं, तेच पहिल्यांदा गेलं होतं. मला एवढंच वाटलं की ही इथलीच आहे आणि बराच वेळ बसून आहे.

मग मी कडेला बसले. पडद्याखालून पाय बाहेर सोडले आणि बसून राहिले. खाली हशा पिकला होता. क्षमा हसत होती, पॅकिंगची दोघं पोट धरून हसत होती, दारात उभे असलेले सर म्हणत होते, "वैशाली, पुरे गं, सिलिंडर संपवशील!" हे सगळं मला ऐकू येत होतं, शेजारच्या घरातला टीव्ही ऐकू यावा तसं. मला फार बरं वाटत होतं. इतकं बरं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. लग्नात नाही, मुलगा झाला तेव्हा नाही. घाम नव्हता, गुडघे दुखत नव्हते, कुणाला काही द्यायचं राहिलं नव्हतं. शेजारी ती होती. पडद्याचं प्लास्टिक माझ्या गालाला चिकटलं होतं, तेही छान वाटत होतं.

पुढचं मला क्षमाने आणि सरांनी सांगितलं. परबकाका भट्टीकडून विचारायला आले, की कुठला ट्रे लावू. त्यांनी मला हाक मारली. परत मारली. सगळे म्हणाले, "काका, बोलतेय की ती! ऐका तर, कशी बोलतेय!" काकांनी मान तिरकी करून कान दिला. "खंय बोलता?" ते म्हणाले. "चेडू बोलणा नाय." चेडू म्हणजे मी, पोरगी. कुणीतरी पुन्हा हसलं. काका शिडीवर चढले, हाताला लागला तो माझा पाय धरला आणि सगळा जीव लावून खाली ओढलं.

मी त्यांच्या अंगावर पडले. त्यांच्या खांद्याचं हाड मोडलं. तो आवाज सगळ्यांनी ऐकला, आणि मगच हसणं थांबलं. माझे ओठ जांभळासारखे झाले होते म्हणे. खिडकीच्या चिकटपट्ट्या टराटरा ओढून काढल्या, कुणीतरी पंखा लावला, टांगलेल्या नळ्या एकमेकींवर आपटल्या. मी डोळे उघडले तेव्हा छताला पंखा गरगरत होता आणि मला भयंकर राग आला होता. माझ्या नेहमीच्या जाड आवाजात मी पहिलं वाक्य बोलले ते असं, "मला कशाला ओढलंत?" आणि मी रडायला लागले. बिचारे काका एका हाताने खांदा धरून म्हणाले, "हाक मारलंय तर उत्तर नाय. म्हणान वढलंय."

हॉस्पिटलात एका तरुण डॉक्टरीणबाईंनी मला समजावून सांगितलं. आपल्याला गुदमरल्यासारखं होतं ते प्राणवायू कमी पडला म्हणून नव्हे, आतली वापरलेली हवा बाहेर पडली नाही म्हणून. ती बाहेर जात राहिली, तर प्राणवायू संपला तरी शरीर तक्रार करत नाही. उलट हलकं वाटतं, कधी कधी आनंदही होतो. "तुम्हाला काही त्रास झाला नसेल," त्या धीर द्यायला म्हणाल्या. मी मान हलवली. माझा खरा त्रास तिथूनच सुरू झाला होता.

पडदा निघाला, पोटमाळा रिकामा झाला, तांब्याची नळी दुसरीकडून वळवली. प्राणवायू मोजणारं एक यंत्र भिंतीवर आलं, ते मधून मधून उगाच टुकटुकतं. सरांनी सगळ्यांना बसवून नियम बदलले. त्यांचा चेहरा त्या दिवसांत पार उतरला होता. मीही कामावर परत गेले. दुसरं काही येत नव्हतं मला, आणि खरं सांगायचं तर हे काम मला आवडतं.

पण दर ऑक्टोबरला खोली बंद झाली, हवा थांबली, की माझ्या मनात एकच गोष्ट वर येते. मला खाली यायचं नव्हतं. घरी नवरा होता, मुलगा शाळेत होता, ओट्यावर संध्याकाळसाठी मटकी भिजत घातलेली होती, आणि मला त्यांच्यापैकी कुणाचीही आठवण झाली नव्हती. दु:खी माणसाला तसं वाटलं असतं तर समजलं असतं. मी काही दु:खी नव्हते. मग ही कोण बाई आहे, जिला एवढ्या सहज सगळं सोडून बसता आलं? ती अजून माझ्यात असणारच. संधी मिळाली की पुन्हा बसेल.

ही भीती मी कुणाला सांगितली नाही. सांगणार काय? कांदिवलीला नणंदेचं नवं घर आहे, खूप उंचावर. सगळे गॅलरीत जाऊन "वा, काय हवा येते" म्हणतात, मी आत सोफ्यावर बसून राहते. कोजागिरीला सोसायटीच्या गच्चीवर दूध आटवतात, तिथे मी मुद्दाम पातेल्याजवळचं काम मागून घेते. कधी फार शांत, फार बरं वाटायला लागलं, की मी उठून नळ सोडते, भांडी आपटते, मुलावर ओरडते. घरच्यांना वाटतं बाईचा स्वभावच तापट. असू दे. बरं वाटण्याची भीती वाटते असं म्हणण्यापेक्षा तापट म्हटलेलं बरं.

परबकाका आता बोरिवलीला मुलाकडे असतात. मी अधूनमधून जाते. त्यांच्या कानाला मशीन लागलं आहे आणि ते त्याच्यावर वैतागलेले असतात, कारण आता त्यांना कबुतरंही ऐकू येतात. मी त्यांना एकदा विचारलं होतं, "काका, तुम्हाला तेव्हा खरंच काहीच ऐकू आलं नव्हतं?" ते म्हणाले, "नाय. तुझी पायाची बोटा दिसत होती फकस्त. आता चाय पी, थंड होतली." त्यांना त्या विषयावर बोलायला आवडत नाही. खांदा अजून पावसाळ्यात दुखतो त्यांचा.

यंदा पहिल्या दिवसाचं काम आटपून क्षमा आणि मी पॅसेजमध्ये चहा घेत उभ्या होतो. समोर डोंगर तापून पिवळा पडला होता, वारा नावाला नव्हता. का कोण जाणे, मी बोलून गेले. "क्षमा, तुला एक सांगू? त्या दिवशी मला खाली यायचंच नव्हतं गं. वर इतकं छान वाटत होतं ना. मला माझीच भीती वाटते कधी कधी."

क्षमा माझ्याकडे वळली. "काय बोलतेयस तू?" ती म्हणाली. "यायचं नव्हतं?"

"हो. मी मजेत बसले होते."

"वैशू, तू हाका मारत होतीस."

"कुणाला?"

"तू मला हाका मारत होतीस," क्षमा म्हणाली. "त्या आवाजात. 'क्षमा, मला खाली घे. मला खाली घे ना गं, मला उतरता येत नाहीये.' सारखं तेच. पहिल्यापासून शेवटपर्यंत तेच. आम्हाला वाटलं तू बारक्या पोरीची नक्कल करतेयस. म्हणून तर एवढे हसलो ना. मी तर म्हटलं, वा, काय ॲक्टिंग करतेय ही. नाव माझं घेत होतीस यार, आणि मी हसत होते."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुला काही आठवत नव्हतं. मला वाटलं, चांगलं झालं. ते आठवायला मी आहे, तेवढं पुरे आहे."

आम्ही दोघी रडलो. पॅसेजमध्ये, भर दुपारी, शेजारच्या गाळ्यातला पोऱ्या बघत होता तरी. मला केवढं सुटल्यासारखं झालं ते सांगता येणार नाही. म्हणजे मला उतरायचं होतं. मला घरी जायचं होतं, मटकीची उसळ करायची होती. इतकी वर्षं मी जिच्यापासून पळत होते ती बाई कधी नव्हतीच.

पण डोळे पुसून झाल्यावर मी आठवायला लागले, आणि ते वाक्य मला कुठेच सापडेना. मी सगळं परत फिरून बघितलं. ती नळ्यांची टोकं, ते प्लास्टिक, तो हशा. मला मी बसलेली आठवते, गप्प आणि आनंदात. तोंड हललेलं आठवत नाही. माझं तोंड, माझा घसा, माझी छाती जिवाच्या आकांताने मदत मागत होती, आणि मी शेजारी बसून ऐकतही नव्हते. सगळ्यांना ऐकू गेलं, मला गेलं नाही. आपल्या आत असं कोणी असतं, जे आपल्याला न सांगता आपल्यासाठी ओरडतं, आणि आपल्याला त्याची ओळखसुद्धा नसते. ह्या विचाराने धीर यावा की हातपाय गार पडावेत, मला अजून ठरवता आलेलं नाही.

चहानंतर मी शेवटची रांग घ्यायला आत गेले. क्षमा बाहेर हात धूत होती. दार लावलं, चादर नीट केली. नळी द्रावणातून वर येत होती, तिच्या अंगावरून ओघळ उतरत होते, मी नेहमीप्रमाणे श्वास धरला. ती पुरती बाहेर आली तेव्हा सोडला. खोलीत काही हलत नव्हतं. ते शब्द माझ्या तोंडात कसे बसतात ते एकदा बघावं असं मला वाटलं. मी मास्क खाली केला आणि साध्या, रोजच्या आवाजात म्हटलं, "क्षमा, मला खाली घे."

बाहेर काहीतरी पडल्याचा आवाज झाला. दार धाडकन उघडलं, चादर दोरीसकट खाली आली. क्षमा आत शिरली होती. मास्क नाही, कोट नाही, पायात बाहेरच्या चपला, कोपरापर्यंत साबण. बाहेरची सगळी धूळ तिच्याबरोबर आत येऊन ओल्या नळ्यांवर बसत होती.

"कुठे आहेस?" ती ओरडली. "वैशू, कुठे आहेस?"

मी तिच्या समोरच उभी होते. ती वर, पोटमाळ्याकडे बघत होती.